घाताचा घात

'नीट लिहा' असं कुणी म्हटलं की आपल्याला पाचवीतले शुद्धलेखनाचे गुरुजी आठवतात आणि लगेच जांभई येते. इंजिनिअरिंगला आल्यावर अक्षराचं काय घेऊन बसलात, असंच मलाही वाटायचं. पण मी सुंदर अक्षराबद्दल बोलत नाहीये. गणित आणि सूत्रं आपण ज्या पद्धतीने लिहितो, टाईप करतो आणि दुसऱ्याला देतो, त्याबद्दल बोलतोय. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

परीक्षा आठ दिवसांवर आलेली. मी मोठ्या उत्साहाने स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची सगळी सूत्रं एका रात्रीत मोबाईलवर टाईप केली आणि होस्टेलभर पाठवून दिली. सगळ्यांनी अंगठे दाखवले (मोबाईलवरचे, चांगल्या अर्थाने!). त्यात आयताकृती छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया होता : बी गुणिले डी चा घन, भागिले बारा. घाताचा ३ वर कसा चढवायचा हे शोधायला वेळ कुणाला? मी सरळ 'बीडी३/१२' असं ओळीत टाकून मोकळा झालो. मला कळत होतं ना, मग झालं!

दोन दिवसांनी साक्री तालुक्यातला एक ज्युनिअर रात्री अकराला खोलीवर आला. डोळे लाल. वही पुढे करून म्हणाला, "भो, हाई काय लिखेल शे?" त्याने डी ला ३ ने गुणलं होतं. बीम २३० बाय ४५० मिलिमीटरचा. खरं उत्तर यायला हवं १,७४,६५,६२,५००. त्याचं आलं २५,८७५. म्हणजे उत्तर ६७,५०० पट लहान! त्यापुढचं डिफ्लेक्शन अर्थातच आभाळाला भिडलेलं. गडी दोन दिवस तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवत होता.

मला लागलं ते पुढचं वाक्य. तो म्हणाला, "दादा, मी मराठी मिडियमचा ना, मला वाटलं मलाच येत नाही." चूक माझी आणि दोष त्याने स्वतःला दिला. बॉस, खराब लिहिलेल्या सूत्राचा खरा तोटा हा आहे. वाचणाऱ्याला 'लिहिणारा चुकला' असं वाटतच नाही, 'मी ढ आहे' असंच वाटतं. आणि जो आधीच इंग्रजीला बिचकतो तो विचारायला येत नाही. हा आला, न आलेले किती असतील कुणास ठाऊक.

आता कुणी म्हणेल, "अर्थ महत्त्वाचा, मांडणी काय करायची?" गणितात मांडणी हाच अर्थ असतो, राजे! '१/२क्ष' एवढंच लिहिलं तर 'अर्धा क्ष' समजायचं की 'एक भागिले दोन क्ष'? क्ष ४ असेल तर पहिल्याचं उत्तर २, दुसऱ्याचं ०.१२५. सोळा पटीचा फरक, तोही एका कंसाच्या आळसापायी. भाषेत शब्द मागेपुढे झाले तरी संदर्भाने निभावून नेता येतं. गणितात चिन्ह वर आहे की खाली, आत आहे की बाहेर, यावरच सगळं ठरतं.

आणि ही गोष्ट आपल्या खान्देशाला कुणी बाहेरून येऊन शिकवावी? चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला ट्रिपला आपण सगळेच जातो, धबधब्याखाली फोटो काढतो. त्याच पाटण गावी इ.स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढल्याची त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात बीजगणित शिकवायची सोय होती.

त्या बीजगणिताची मांडणी बघा. अव्यक्त राशीला 'यावत्तावत्', लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अव्यक्त राशी आली तर कालक म्हणजे 'का', तिसरी नीलक म्हणजे 'नी'. वर्गासाठी 'व', नुसत्या संख्येसाठी 'रू', ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, जातीखाली जात. वर 'या ५ रू ८', खाली 'या २ रू २३'. वजा करा : ३ या म्हणजे १५, या म्हणजे ५. एखादी जात नसेल तर तिथे शून्य लिहायचं, म्हणजे ओळ चुकत नाही. सूत्रं श्लोकात पाठ असायची, पण गणित मांडताना मात्र ही शिस्त!

आपण वापरतो ती चिन्हंही अशीच कुणीतरी वाचणाऱ्याचा विचार करून आणलेली आहेत. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं, कारण 'बरोबर आहे' हे शब्द परत परत लिहायचा त्याला कंटाळा आला होता. घात वर लिहायची आजची पद्धत देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथामुळे रुळली. १९७७ मध्ये डोनाल्ड नुथ यांच्या हातात स्वतःच्या पुस्तकाची नव्या यंत्रावरची प्रुफं आली. छपाई इतकी नापसंत पडली की हातातलं काम ठेवून त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली आणि ती सगळ्यांना फुकट दिली. तिच्यावरच पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 'लाटेक' उभं केलं. आज जगभरातले गणिताचे पेपर त्यात लिहिले जातात.

आणि आपल्या धुळ्यात? समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत, एकदा जाऊन बघा. दासबोधात तर लेखनक्रियेवर अख्खा समास आहे. ओळ ओळीला लागू नये, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच असावं, चहूबाजूंनी जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जात नाही, असं समर्थ त्यात सांगतात. सगळा विचार पुढच्या वाचणाऱ्याचा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सूत्र दुसऱ्याला देताना घात वर चढवता येत नसेल तर शब्दात 'घन' लिहा, पण खाली पाडू नका. शंका आली की कंस घाला, कंसाला पैसे पडत नाहीत. एका ओळीत एकच समीकरण. प्रत्येक अक्षर म्हणजे काय आणि एकक कोणतं, हे खाली लिहा. अंधारात काढलेला वहीचा हललेला फोटो पाठवून 'नोट्स दिल्या' म्हणू नका.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही फाईल घासून जॉब करतो, तसं एक प्रॅक्टिकल समीकरण लिहिण्याचंही ठेवा. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर लाटेक फुकट बसतं. टर्मवर्कच्या फाईलला रंगीत बॉर्डर आहे की नाही हे बघण्यापेक्षा आतलं सूत्र दुसऱ्याला वाचता येतं का, हे बघा. मराठी मिडियमच्या पोराला तर याचा दुप्पट फायदा. इंग्रजी अडलं तरी नीट मांडलेलं समीकरण अडत नाही, ते मुंबईच्या पोराला जसं दिसतं तसंच साक्रीच्याही पोराला दिसतं.

तो ज्युनिअर त्या विषयात पास झाला. मी सगळी सूत्रं पुन्हा टाईप केली, या वेळी कंसासकट, आणि पाठवायच्या आधी त्यालाच वाचायला दिली. त्याने दोन चुका काढल्या.