शेवटचा सामुराई आणि शेवटचा राष्ट्रकूट

माणसाला आपली नियती बदलता येते का? एडवर्ड झ्विक दिग्दर्शित ‘द लास्ट सामुराई’ (२००३) या चित्रपटात हा प्रश्न एक जपानी सरदार आपल्या अमेरिकी बंदिवानाला विचारतो. नियती समोर येईपर्यंत माणसाने आपल्याकडून होईल तेवढे करीत राहावे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरांत हाच प्रश्न निराळ्या शब्दांत नेहमी उभा राहतो. म्हणून परक्या देशाची ही कथा जैन प्रेक्षकाला परकी वाटत नाही.

कथेच्या मुळाशी इतिहास आहे. १८७६ मध्ये जपान सरकारने सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी सैगो ताकामोरी या सेनानीच्या नेतृत्वाखाली सात्सुमा प्रांतात बंड झाले आणि २४ सप्टेंबर १८७७ रोजी कागोशिमातील शिरोयामा टेकडीवर सैगोचा अंत झाला. चित्रपटातील कात्सुमोटो हे पात्र त्याच्यावरच बेतलेले आहे. सैगोच्या सैन्याजवळ बंदुकाही होत्या. चित्रपटाने मात्र तलवार विरुद्ध तोफ असे चित्र रंगविले आहे. अखेरीस पराभवाची नामुष्की नको म्हणून कात्सुमोटो रणांगणावर आपले जीवन संपवितो, आणि दिग्दर्शक त्या मरणावर चेरीच्या फुलांचे सौंदर्य पसरतो. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. परंतु विचार तेथेच थांबवून चालत नाही.

राज्य हरवलेल्या योद्ध्याची एक कथा मराठवाड्याच्या मातीशीही जोडलेली आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा भुईकोट किल्ला याच वंशातील तिसऱ्या कृष्णाच्या नावाशी जोडला जातो. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणारा सम्राट अमोघवर्ष याच कुळातला. ९७२ मध्ये परमार राजा सीयकाने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली आणि पुढच्या वर्षी चालुक्य तैलपाने सत्ता बळकावली. गंग राजा मारसिंहाने आपला भाचा, तिसऱ्या कृष्णाचा नातू इंद्रराज, याला गादीवर बसविण्याचा प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. शेवटचा राष्ट्रकूट ठरलेल्या या इंद्रराजाने ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. चंद्रगिरीवरील शिलालेखात त्याची नोंद आहे. विशेष म्हणजे, घोड्यावरून खेळावयाच्या चेंडूच्या खेळातील त्याच्या कौशल्याची तो लेख मोठ्या कौतुकाने स्तुती करतो.

दोन शेवटचे योद्धे आणि दोन मृत्यू. वरवर पाहता दोन्ही सारखेच भासतात. पण सामुराईच्या मरणामागे मान आहे, आणि मान हा चार कषायांपैकी एक. सल्लेखनेची पहिली अट कषाय कृश करण्याची आहे. न टळणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य रोग अशा प्रसंगीच आचार्य समंतभद्रांनी तिला अनुमती दिली. पराभव, अपमान आणि निराशा यांना त्या यादीत स्थान नाही. इंद्रराजाच्या बाबतीत कालगणनाच बोलकी आहे. राज्य गेले त्या दिवशी तो मेला नाही. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो जगला. सिंहासन गेले म्हणजे जीवनाचे प्रयोजन गेले, असे त्याच्या आयुष्याने म्हटले नाही.

मग नियतीचे काय? ‘उपासकदशांग’ सूत्रात सद्दालपुत्र नावाच्या कुंभाराची कथा आहे. तो आजीविक मताचा होता. सारे काही आधीच ठरलेले आहे, प्रयत्नाने काहीच होत नाही, असे तो मानी. भगवान महावीरांनी त्याला विचारले की ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणाला, प्रयत्नावाचून. त्यावर भगवंतांनी पुन्हा विचारले की कोणी ही मडकी चोरली वा फोडली, तर तू काय करशील? सद्दालपुत्राने त्या माणसाला शिक्षा करण्याची भाषा केली आणि स्वतःच्याच उत्तरात तो सापडला. सर्व नियतच असेल, तर फोडणाऱ्याचा दोष कोणता? जैन विचाराने नियती नाकारलेली नाही. काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ या पाच कारणांतील ती एक आहे. एकटी तीच सर्वकाही घडवीत नाही.

चित्रपटातील खरा पुरुषार्थही अखेरच्या रणधुमाळीत नाही. निरपराधांच्या हत्येच्या आठवणींनी पोळलेला, मद्यात बुडालेला कॅप्टन आल्ग्रेन एका डोंगरी गावात हिवाळा काढतो. ज्या घरात त्याची शुश्रूषा होते, त्या ताकाच्या पतीला त्यानेच युद्धात मारलेले असते. तो तिची क्षमा मागतो. मनातला क्षोभ आवरून ती त्याला समजून घेते. मद्य सुटते, झोप परत येते. आधीचे कर्म पुसले गेले नाही, पण पुढची दिशा पालटली. संवत्सरीला वा क्षमावाणीला ‘खामेमि सव्व जीवे’ म्हणणाऱ्यांना या शांत प्रसंगाचे मोल अधिक कळावे.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत आज हजारो मुले एका परीक्षेवर सारे आयुष्य पणाला लावून बसतात. निकालाच्या दिवशी हरलेले मूल घरी येते, तेव्हा ‘तुझ्या नशिबातच नव्हते’ आणि ‘आता तोंड कसे दाखवणार’ ही दोन्ही वाक्ये त्याला सारखीच घातक ठरतात. पहिले त्याचा पुरुषार्थ हिरावते, दुसरे त्याच्या मनात मान पेटविते. त्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी मुलाला जवळ बसवावे, त्याच्याबरोबर जेवावे, आणि जमल्यास लत्तलूरच्या त्या राजाची गोष्ट सांगावी, जो राज्य गेल्यावरही नऊ वर्षे जगला.