दाढेतल्या गल्लीबोळात

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये नाईट शिफ्ट म्हणजे चहा-बिस्किट आलंच. पण बॉस, बिस्किटाचा लगदा अडकतो कुठे? खालच्या ओळीत मधून मोजत सहाव्या दातावर जीभ फिरवा. बहुधा पाच उंचवटे, मधे खाचा. काही इतक्या चिंचोळ्या, की ब्रशचा केसही आत शिरत नाही. कीड तिथेच मुक्काम ठोकते!

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा दात न पाडताच, मागून गुपचूप उगवते. घरचे तिला दुधाचीच समजतात. ‘किडली तर किडली, पडून नवी येईल!’ नाही येणार. घरात त्या वयाचा भाचा-पुतण्या असेल तर डेंटिस्टला दाखवा. गरज असल्यास सीलंटने खाचा बुजवता येतात. आणि तुम्ही? शेवटच्या चहानंतर, झोपण्याआधी ब्रश. प्लीज!