किल्ली परत घेतली, पण कॅमेऱ्याचं काय?

मागच्या महिन्यात माझ्या फोनवर अलर्ट आला, 'दारात कुणीतरी आहे.' दार माझं नव्हतंच! चार महिन्यांपूर्वी सोडलेल्या फ्लॅटचं होतं. किल्ली मी परत दिली होती, पण कॅमेऱ्याचं लॉगिन माझ्या फोनवर तसंच राहिलं होतं. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, तर ती क्षणभर गप्पच झाली.

तुमच्या घरचा कॅमेरा कोण कोण पाहू शकतं, कधी तपासलंय? आपण एकच पासवर्ड आईबाबांना, भावाला, रूममेटला देऊन मोकळे होतो. त्यापेक्षा ॲपमधल्या 'शेअर' पर्यायातून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यावर परवानगी द्या. बऱ्याच ॲपमध्ये फक्त पाहण्यापुरती परवानगी देता येते, सेटिंग मालकाच्याच हातात राहतं. कुणी घर सोडलं, की यादीतून त्याचं नाव काढायचं. पासवर्ड आधीच वाटला असेल, तर आजच बदला आणि बाकी सगळ्या फोनवरून लॉगआउट करा.

कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्डही तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आणि हो, घरात आजी असतील, कामाला येणाऱ्या मावशी असतील, तर कॅमेरा कुठे आहे आणि तो कोण पाहतं, हे त्यांनाही सांगा. दिसणार तर त्याच आहेत ना!