दगडातले कासव

ठाणे-कल्याणकडचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे जुन्या तळ्याचा गाळ दबलेला असतो. मुंबईत वरळीला अशाच गाळात कासव सापडले, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. कार्टर यांनी १८५२ साली त्याचे वर्णन केले.

आपल्या विहिरीतले कासव मान सरळ आत ओढते. हे मान आडवी दुमडणाऱ्या जातीचे. या जातीत कंबरेचे हाड कवचालाच सांधलेले असते. त्यांचे भाऊबंद आज भारतात नाहीत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियात आहेत. आपली भूमी एके काळी त्या खंडांना जोडलेली होती, याची ही साक्ष.

विहीर खणताना मऊ थरात हाड दिसले, तर पहार थांबवा. जाणकाराला दाखवा.