लम्पीची लस औंधहून जालन्याला कधी?



ऑगस्ट 2022 मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात गुरांचा लम्पी रोग दिसला आणि बघता बघता मराठवाड्यात उतरला. ऐन पोळ्याच्या दिवसांत गुरांचे बाजार बंद पडले. तेव्हा सरकारने गावोगावी जी लस टोचली ती लम्पीची नव्हती, शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती कामी आली आणि पुष्कळ जनावरे वाचली. लसीकरण मोफत झाले, दगावलेल्या गाईमागे 30 हजार आणि बैलामागे 25 हजारांची मदतही जाहीर झाली. याबद्दल तक्रार नाही. (बैलाची बाजारातली किंमत काय असते, ते सोडा.)

तक्रार पुढची आहे. लम्पीच्या 2019 च्या साथीत रांचीच्या जनावरातून विषाणू वेगळा काढून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर पुनःपुन्हा वाढवत सौम्य केला. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेच्या साथीने त्यातून खास लम्पीची लस बनली आणि 10 ऑगस्ट 2022 रोजी दिल्लीत जाहीरही झाली. म्हणजे रोग आमच्या दारात आला तेव्हा लस होती, पण ती बनवणारा कारखाना नव्हता. औंध, पुणे येथील राज्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेचा उत्पादनाचा करार त्याच वर्षी डिसेंबरात झाला. 2023 च्या पावसाळ्यात लम्पी परत आला आणि वासरांना जास्त भोवला.

'शेळ्यांच्या लसीने भागते, मग खर्च कशाला?' असे काही अधिकारी विचारतात. निकड होती तोवर उसनवारी ठीक. लम्पी दरवर्षी येणार असेल तर त्याचीच लस हवी. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकातील बायोव्हेट कंपनीला लम्पीच्या लसीचा परवाना मिळाला. लस टोचलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर रक्ततपासणीत वेगळे ओळखू येते, हा तिचा मोठा फायदा. पण एका बैलजोडीवर शेती ओढणाऱ्याने खासगी लसीच्या दरावर का अवलंबून राहावे? सरकारी संस्था त्यासाठीच आहे ना?

औंधला लम्पीच्या सरकारी लसीच्या किती मात्रा तयार होतात आणि जालना जिल्ह्याच्या वाट्याला किती येतात, हे पशुसंवर्धन विभागाने जाहीर करावे. पावसाळ्यात वाढणारे डास, गोमाश्या आणि गोचीड हा रोग पसरवतात, त्यामुळे टोचणी मे महिन्यातच उरकावी, नवी वासरे वगळू नयेत. साथ आल्यावर दवाखान्यातून निघालेली गाडी आम्ही एकदा पाहिली आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही.

— एक पशुपालक, भोकरदन (जि. जालना)