तडजोडीचा शेवट

दिवे लागले तेव्हा शेजारच्या खुर्चीतला माझा धाकटा भाऊ जागचा हललाच नाही. साल २००३. ‘द मॅट्रिक्स’ या चित्रत्रयीचा शेवटचा भाग, ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’, आम्ही दोघांनी नुकताच पाहून संपवला होता. भाऊ संगणकातला माणूस. पहिला भाग त्याने चित्रपटगृहात चार वेळा पाहिला होता आणि चार वर्षे तो या शेवटाची वाट पाहत होता. ‘म्हणजे शेवटी तहच केला?’ एवढेच तो म्हणाला आणि घरी पोहोचेपर्यंत पुढे एक शब्द बोलला नाही.

रागावलेला तो एकटाच नव्हता. जगभरच्या समीक्षकांनीही या शेवटाला फारसे बरे म्हटले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या भागाने सुमारे ७४ कोटी डॉलरची कमाई केली होती. नोव्हेंबरात आलेला तिसरा भाग ४३ कोटींच्या आसपास थांबला. माझ्या शाखेतल्या ठेवी सहा महिन्यांत अशा घसरल्या असत्या तर मुख्य कार्यालयाने मला स्वस्थ बसू दिले नसते.

मीही तेव्हा भावाच्याच बाजूचा होतो. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने हट्ट धरून लागोपाठ तीन रात्री तिन्ही भाग आम्हा दोघा म्हाताऱ्यांना पुन्हा पाहायला लावले, आणि तिसऱ्या रात्री मला माझे मत बदलावे लागले. भावाने बदलले नाही. तो अजूनही फसवले गेल्यासारखाच बोलतो.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. माणसाने घडवलेल्या बुद्धिमान यंत्रांशी माणसाचे युद्ध झाले. यंत्रांना सूर्यापासून शक्ती मिळू नये म्हणून माणसांनीच आकाश काळवंडून टाकले. मग यंत्रांनी माणसालाच विजेचे साधन केले. असंख्य माणसे कोषांत निजलेली आहेत, त्यांच्या शरीरातली ऊर्जा यंत्रे काढून घेतात, आणि त्या माणसांना मात्र आपण विसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहरात नोकरी-धंदा करीत आहोत असे स्वप्न पडत असते. त्या स्वप्नाचे नाव मॅट्रिक्स. त्यातून सुटलेली माणसे जमिनीच्या पोटात झायन नावाच्या शहरात राहतात आणि लढतात. निओ हा त्यांचा तारणहार. किआनू रीव्ह्जने ही भूमिका केली. तिन्ही चित्रपटांचे लेखन-दिग्दर्शन लाना आणि लिली वाचोव्स्की या भावंडांचे.

१९९९ सालचा पहिला भाग संपतो तो निओच्या एका दूरध्वनीवर. तो यंत्रांना बजावतो की या निजलेल्या लोकांना मी तुमच्याविना जग कसे असते ते दाखवणार आहे. आणि मग थेट आकाशात झेप घेतो. भावाच्या रागाचे मूळ या दूरध्वनीत आहे. ही प्रेक्षकांच्या नावे लिहून दिलेली हुंडीच होती म्हणा ना! २००३ साली सगळे ती वटवायला आले आणि खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की पूर्ण रक्कम मिळणार नाही. शेवटी यंत्रे आहेत तिथेच आहेत, मॅट्रिक्सही आहे. फक्त युद्ध थांबले आहे, आणि ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांना सोडले जाईल, असे ठरले आहे.

मग ही फसवणूक नाही तर काय? तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आले की हुंडी लिहून देणारा निओ आणि तह करणारा निओ यांच्यामध्ये एक रेल्वे स्थानक आहे.

हा प्रसंग तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच येतो. निओ मॅट्रिक्स आणि यंत्रांचे जग यांच्यामधल्या एका ओसाड फलाटावर अडकून पडतो. पांढऱ्या फरश्या, रिकामे रूळ. तिथे त्याला एक कुटुंब भेटते. रामा-कांद्रा नावाचा गृहस्थ, त्याची बायको कमला आणि त्यांची छोटी मुलगी सती. (रामा-कांद्रा हे आपल्या रामचंद्राचे इंग्रजी वळण असावे.) दिसायला हे कुटुंब आपल्याकडच्या कुठल्याही फलाटावर बोचकी सांभाळत बसलेले दिसेल असे. पण ती माणसे नाहीत. ते संगणकातले कार्यक्रम आहेत, म्हणजेच शत्रूची माणसे. रामा-कांद्रा यंत्रांच्या वीजकेंद्रात पुनर्वापर विभाग सांभाळतो. ज्या वीजकेंद्रात माणसांतली ऊर्जा काढून घेतली जाते तिथला हा इमानी अधिकारी! बर्नार्ड व्हाइट या नटाने तो इतक्या मऊ, अदबशीर आवाजात उभा केला आहे की त्याचा राग येत नाही.

यंत्रांच्या जगात नियम असा, की ज्याला काही काम नेमून दिलेले नाही तो कार्यक्रम पुसून टाकायचा. सतीला काहीच काम नाही. ती फक्त मुलगी आहे. तिला वाचवण्यासाठी आईबाप एका गुंडाशी सौदा करून तिला चोरून मॅट्रिक्समध्ये पाठवायला निघाले आहेत, आणि स्वतः मात्र परत जाऊन कामावर रुजू होणार आहेत. निओला नवल वाटते की एखादा कार्यक्रम प्रेमाची भाषा कशी बोलू शकतो. रामा-कांद्रा त्याला समजावतो की प्रेम हा एक शब्द आहे, महत्त्व त्या शब्दामागच्या नात्याला आहे. पुढे तो कर्माबद्दलही बोलतो. मी इथे ज्यासाठी आहे ते काम, एवढा साधा अर्थ तो त्या शब्दाला देतो, आणि त्याबद्दल तो कृतज्ञ आहे.

तुमच्याविना जग, असे म्हणणाऱ्या माणसाला ‘तुम्ही’ पहिल्यांदा भेटले ते असे, मुलीचा हात धरून गाडीची वाट पाहताना. यानंतर त्याने यंत्रांचा निःपात केला असता तर तो मला तरी परका वाटला असता.

आणि बीज दुसऱ्या भागातच पेरलेले आहे. झायनमधला एक वृद्ध नगरपिता निओला तळघरात नेऊन दाखवतो की इथले पाणी शुद्ध करणारी, ऊब पुरवणारी, शहर जिवंत ठेवणारी यंत्रेच आहेत. तेव्हा आम्ही पुढच्या हाणामारीच्या ओढीने तो संवाद नीट ऐकलाच नाही.

तह कसा होतो तेही पाहण्यासारखे आहे. स्मिथ हा मूळचा यंत्रांचा हस्तक. पण तो आता कोणाच्याच ताब्यात राहिलेला नाही. दिसेल त्याला तो स्वतःसारखे करतो, आणि सारे मॅट्रिक्स त्याने असे गिळले आहे. ह्यूगो वीव्हिंग या भूमिकेत दिसला की बाकी सगळे फिके वाटतात, हेही जाता जाता सांगून टाकतो. आंधळा झालेला निओ, ट्रिनिटीला वाटेत गमावून, यंत्रांच्या नगरीत एकटा पोहोचतो आणि सांगतो की स्मिथ तुम्हाला आवरत नाही, मी आवरतो. बदल्यात शांतता द्या.

बँकेत असताना मी अशा काही टेबलांवर बसलो आहे. वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळलेले कर्ज, व्याज मुद्दलाच्या वर गेलेले, तारणातल्या यंत्रांना गंज चढलेला. शेवटी एका दुपारी दोन्ही बाजू बसतात, आम्ही व्याज सोडतो, कर्जदार हट्ट सोडतो, आणि एकरकमी तडजोडीच्या कागदावर सह्या होतात. अशा वेळी कोणी हसत नाही. चहा येतो, तो निमूटपणे पिऊन लोक उठतात. जिंकल्याचा आनंद कोणालाच नसतो, पण दुसऱ्या दिवशी कारखान्याचे कुलूप उघडते. निओ पावसात स्मिथशी लढायचे थांबतो आणि स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला तीच दुपार दिसली. तडजोडीत आपले काही सोडावे लागते. त्याने तर स्वतःलाच सोडले.

भारतीय प्रेक्षकाला यात धक्का बसण्याचे खरे तर कारण नव्हते. महाभारताच्या अठरा पर्वांतले युद्ध दहाव्या पर्वापर्यंत आटोपते, आणि उरलेल्या आठ पर्वांत जिंकलेल्यांना आपल्या जिंकण्याचे काय करावे ते कळत नाही.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. भावाच्या रागातला निम्मा भाग मी आजही मान्य करतो. झायनवरच्या हल्ल्याचा तो अजस्र प्रसंग संपता संपत नाही. लोखंडी सांगाड्यांत बसून गोळ्या झाडणारे सैनिक, वरून कोसळणारे यंत्रांचे थवे, कानठळ्या. तंत्र थक्क करणारे आहे, पण निओ आणि ट्रिनिटी या काळात दिसत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ती कोषांतली माणसे तर मुळीच दिसत नाहीत. याउलट सगळ्यात सुंदर क्षण अवघ्या काही सेकंदांचा. निओ आणि ट्रिनिटीचे विमान काळ्या ढगांना भेदून वर जाते आणि ट्रिनिटी आयुष्यात पहिल्यांदा खरा सूर्य पाहते. लगेच विमान खाली कोसळू लागते.

शेवटच्या दृश्यात मॅट्रिक्सचा रचनाकार आणि भविष्य जाणणारी वृद्धा एका बागेत भेटतात. वृद्धेची भूमिका आधी ग्लोरिया फॉस्टर करीत होत्या. २००१ साली त्या वारल्या आणि तिसऱ्या भागात मेरी ॲलिस आल्या. चित्रपटाने हा बदल कथेतच गुंफला, एका निर्णयाची किंमत म्हणून वृद्धेला आपला देह गमवावा लागला असे दाखवून. इथे वृद्धा विचारते, बाकीच्यांचे काय? रचनाकार सांगतो, ज्यांना बाहेर यायचे आहे त्यांना सोडले जाईल.

इथे पुतणीने चित्रपट थांबवला.

‘काका, पण आपण आत आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो बाहेर यायचंय असं म्हणेल कसा?’

मला उत्तर देता आले नाही, आणि चित्रपटही ते देत नाही. तडजोडीच्या टेबलावर दोनच पक्ष होते. ज्यांच्या अंगातली ऊर्जा वाटाघाटीत होती त्यांच्या वतीने कोणी बसलेले नव्हते. माझ्या मते या शेवटाचे खरे उणे इथे आहे. भाऊ म्हणतो तह केला म्हणून वाईट. मी म्हणतो तह योग्यच होता, पण त्यातले सर्वांत मोठे कलम एका वाक्यात उरकले.

२०२१ साली लाना वाचोव्स्कीने एकटीने चौथा भाग काढला आणि त्रयीची चौकडी झाली. त्यात कळते की शांतता काही काळ टिकली, मग यंत्रांचेच आपापसांत युद्ध झाले. झायन राहिले नाही, पण माणसे आणि काही यंत्रे एकत्र राहतात असे आयो नावाचे नवे शहर वसले. मोठी झालेली सती त्यात आहे, ती भूमिका प्रियांका चोप्राने केली. भावाने तो पाहायला नकार दिला आहे.

पुतणीने पुन्हा चालू केले. धाकटी सती येते, आकाशात रंगांची उधळण होते. निओसाठी तो सूर्योदय तिने केलेला असतो. जिला काही काम नव्हते तिने. मग नामावली सुरू होते आणि तालवाद्यांच्या गदारोळात गायकवृंद संस्कृतात गाऊ लागतो. बृहदारण्यक उपनिषदातला पवमान मंत्र, शाळेत सकाळी हात जोडून म्हणायचो तोच. २००३ साली तो आम्ही ऐकला नव्हता. बहुतेक लोक तोवर दाराशी पोहोचले होते आणि भाऊ रागात होता. या वेळी तो उठला नाही. शेवटची ओळ जाईपर्यंत आम्ही तिघे बसून होतो. मग पुतणी म्हणाली, ‘तो फलाटावरचा सीन परत लावू?’

‘लाव,’ भाऊ म्हणाला.