यंत्र जुने, मुदत परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे वसलेल्या देवपुरात शिकणारे, शिकविणारे आणि कचेऱ्यांत लेखणी झिजविणारे यांची वस्ती मोठी आहे. तेथे या दूरच्या निर्णयाने एक अगदी घरगुती प्रश्न उभा केला आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप दुरुस्त करून वापरावा, की तो काढून नवा घ्यावा? विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला नवा लॅपटॉप एका महिन्याच्या वेतनाहूनही महाग पडू शकतो. प्रवेशाचे अर्ज, निकालपत्रके आणि वेतनाची देयके आता संगणकावाचून होत नाहीत. तेव्हा हा प्रश्न हौसेचा नसून संसाराच्या अंदाजपत्रकाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर चुकते, कारण त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक वेगाचा आणि दुसरा सुरक्षिततेचा.

पैकी वेगाचे दुखणे बहुधा बरे होण्याजोगे असते. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे आणि यंत्राचा सर्वांत मंद भाग तोच. तिच्या जागी एसएसडी बसविली, की मिनिटामिनिटाची प्रतीक्षा सेकंदांवर येते. चार जीबी रॅमची आठ केली, तर आणखी सुसह्यता येते. मात्र काही पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पट्टीवरच डाखलेली असते व ती वाढविता येत नाही. पैसे मोजण्यापूर्वी हे विचारून घेणे इष्ट. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर चढल्या. त्यामुळे आधी एसएसडी आणि मग रॅम, हा क्रम शहाणपणाचा. मदरबोर्डच निकामी झाला असेल, किंवा पडदा, बॅटरी आणि बिजागरी एकदमच गेली असतील, तर मात्र दुरुस्तीचा मोह आवरावा.

सुरक्षिततेचा प्रश्न इतका सरळ नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. प्रोसेसरही, इंटेलचा असल्यास, ढोबळमानाने आठव्या पिढीचा म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. लॅपटॉपमधील प्रोसेसर सहसा बदलता येत नाही. परिणामी एसएसडी व रॅमवर खर्च करूनही यंत्र वेगवान होते, पण नव्या प्रणालीला अपात्रच राहते. ते बंद पडत नाही हे खरे. परंतु प्रणालीत पुढे सापडणारी छिद्रे बुजविली जात नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने दिली. त्यापलीकडे अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे होय.

तिसरी वाट लिनक्सची. ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरही चालते आणि केरळने आपल्या सरकारी शाळांत ती वर्षानुवर्षे वापरून दाखविली आहे. विद्यार्थ्याला ती निःशंकपणे सुचवावी. कारकुनाची अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलिखित केलेली मराठी पत्रे आणि प्रश्नपत्रिका त्याच्या संग्रही असतात, आणि ते फाँट व त्यांची साधने विंडोजशी जखडलेली असतात. ज्यांनी वेळीच युनिकोडची कास धरली, त्यांना आज निवडीचे स्वातंत्र्य आहे.

येथवरचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा. परंतु तो करण्याची पाळी कोणी आणली, हेही विचारले पाहिजे. कोणतीही कंपनी एखादी प्रणाली अनंत काळ सांभाळू शकत नाही, आणि २०१५ ते २०२५ ही दहा वर्षे थोडी नव्हेत, असे समर्थन केले जाते. ते अगदीच निराधार नाही. तथापि ही दहा वर्षे मोजली गेली ती प्रणालीच्या जन्मापासून. ग्राहकाचे वर्ष सुरू होते ते पैसे मोजल्या दिवसापासून. आज अपात्र ठरणारी यंत्रे २०१८ सालीही दुकानांत विकली जात होती. त्यांच्या मालकांना मिळाली ती जेमतेम सात वर्षे, आणि विकत घेताना ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि टाकून दिलेल्या यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आली. हे स्वागतार्हच. पण ही काळजी यंत्राच्या मरणोत्तर व्यवस्थेची झाली. त्याचे आयुष्य वाढविण्याची तरतूद याहून महत्त्वाची आहे. औषधाच्या वेष्टणावर मुदत छापतात, तशी ‘या यंत्राची सुरक्षा अमुक वर्षापर्यंत’ अशी लेखी हमी विक्रीच्या वेळीच देणे बंधनकारक करावयास हवे.

तोवर जुन्या लॅपटॉपच्या मालकाने प्रथम प्रोसेसरची पिढी पाहावी. तो पात्र असेल, तर दुरुस्तीचा खर्च सत्कारणी लागेल. अपात्र असेल, तर लिनक्सवर काम भागते का हे अजमावावे आणि भागत नसेल तरच नवा घ्यावा. निर्णय गरजेने व्हावा, जाहिरातीच्या धाकाने नव्हे.